चार इसा आन आठ

"अठ्ठ्याऐंशीला तिनानं भाग जातो," माझी भाची म्हणाली, आणि इतक्या ठामपणे म्हणाली की क्षणभर मलाच वाटलं, जात असेल बाई.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. माझ्यापुढे सुपात भुईमुगाच्या शेंगा होत्या, तिच्यापुढे काहीच नव्हतं. तोंडी गणितं चालली होती. मी विचारलं, "बेरीज केलीस?"

"केली."

"किती आली?"

"बारा."

माझ्या नाकावरच राग असतो, हे घरात आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. "आठ आणि आठ बारा कधीपासून झाले गं?" मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग शेंगांकडे पाहिलं आणि गप्प बसली. ती गप्प बसली की संपलं. तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकातून विहीर काढायची.

ती माझ्या नणंदेची मुलगी. सासरची आमची माणसं दोन पिढ्यांपासून नेकनूरच्या बाजूला शेती धरून बसली आहेत, पण नणंदेच्या सासरी अजून मेंढरं आहेत. पावसाळाभर त्यांचा मुक्काम आमच्याच शिवारात असतो. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड चढतं आणि कळप दिंद्रुडच्या अंगाने गोदावरीच्या काठाकडे निघतो. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं, यांचं पोट चालतं. मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळा अशीच तुकड्या-तुकड्यांनी शिकली. दोन महिने इथे, पंधरा दिवस तिथे, मग पुन्हा कळपामागे.

या वर्षी नणंदेने हट्ट धरला. पोरगी मामाकडे राहील आणि एका जागी शिकेल. मी लगेच हो म्हटलं. माझी बी.एस्सी. गणितात झालेली आहे, लग्नानंतर तिचा उपयोग एवढाच की गल्लीतली पोरं संध्याकाळी शिकवणीला येतात. घरातच एक मुलगी राहायला येते म्हटल्यावर मला तर आनंदच झाला. पण दाजी, म्हणजे नणंदेचे यजमान, लगेच कबूल होईनात.

"वैनी, मी बी शाळंत गेलतो," ते म्हणाले. "तीन वर्सं पयलीतच बसवला मला. गुरुजी इचारायचे, मी सांगायचो, ते छडी घ्यायचे. माझं काय चुकलं ते त्यांनी कवा सांगितलं न्हाई, आन मला कवा कळलं न्हाई. मेंढरामागं ही पोरगी राणी हाय. वर्गात बसून हिचं तसं व्हायचं आसंल तर मला ती शाळा नको."

मला त्यांचं पटलं नाही, पण रागही आला नाही. ते मुलीच्या शिक्षणाच्या आड येणारे बाप नव्हते. मुलीचा अपमान होऊ नये म्हणून अडून बसलेले बाप होते, आणि हे दोन प्रकार फार वेगळे आहेत. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत बघायचं. तिला शाळा मानवली तर ती राहील. नाही मानवली तर कळपाबरोबर जाईल, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. नणंदेने माझा हात धरून सांगितलं, "वैने, तुपल्या भरोशावर हाय बघ सगळं." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अक्का, तुम्ही निर्धास्त राहा."

वयाच्या हिशोबाने तिला सहावीत बसवलं. माझा मुलगा त्याच वर्गात. पहिले काही आठवडे बरे गेले. वाचायची अडखळत, पण वाचायची. अक्षर तर माझ्या मुलापेक्षा चांगलं. गणितात मात्र तिचं काही समजेना. बेरीज-वजाबाकी झटपट आणि तीही तोंडी. कागदावर मांडायला सांगितलं की घोटाळा.

मग आल्या विभाज्यतेच्या कसोट्या. म्हणजे प्रत्यक्ष भागाकार न करता एखाद्या संख्येला अमक्याने भाग जातो की नाही ते ओळखायचं. हा माझा आवडता धडा. दोनाची, पाचाची, दहाची कसोटी शेवटच्या अंकावरून. ती तिला लगेच आली. चाराच्या कसोटीला तर तिने मला चकित केलं. मी म्हणावं शहात्तर, तिने म्हणावं "जातो". मी म्हणावं चौऱ्याण्णव, तिने म्हणावं "न्हाई". बोटं नाहीत, कागद नाही, पुटपुटणं नाही. मला वाटलं चाराचा पाढा तिला लांबपर्यंत पाठ आहे. मी यजमानांना म्हणाले, "बघा तुमची भाची, माझ्या वळणावर गेली." ते म्हणाले, "देव करो आन राग तेवढा तुझ्या वळणावर नको जायला."

आणि मग तिनाची कसोटी आली. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची. त्या बेरजेला तिनाने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. याहून सोपं काय असतं? पण तिचं सगळं बिनसलं. बहात्तरला जातो, बरोबर. पंच्याहत्तरला जातो, बरोबर. पंचेचाळीसला जात नाही म्हणाली. एक्कावन्नला जात नाही म्हणाली. तेहेतीसला, जो तिनाच्या पाढ्याला टेकूनच उभा आहे, त्यालाही नाही म्हणाली. आणि अठ्ठ्याऐंशीला हो. मी समजावलं, ओरडले, पुन्हा समजावलं. एका संध्याकाळी मी चक्क हात टेकले आणि चहा करायला उठून गेले.

शाळेत घटक चाचणी झाली. त्यानंतर दोनेक दिवसांनी मुलगा घरी आला आणि दप्तर टाकता टाकता हसायला लागला. सरांनी तिला फळ्यापाशी उभं केलं होतं. पंचेचाळीसला तिनाने भाग जातो का, तर ही म्हणाली नाही. का नाही, तर म्हणाली बेरीज सात होते. चार आणि पाच सात? वर्ग हसला. सरांनी बिचाऱ्यांनी तिला बसायला सांगितलं, पण मागच्या बाकावरून कुणीतरी "म्यॅऽऽ" केलं आणि मग सगळा वर्गच मेंढरांसारखा ओरडायला लागला.

"आणि तू?" मी मुलाला विचारलं.

"मी न्हाई केलं," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की केलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते तो अजून विसरलेला नाही.

भाची मागून आली. दप्तर खुंटीला अडकवलं, पाय धुतले, चुलीपाशी येऊन बसली. मी काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, "मामी, आबांना फोन लावा. मी जाते त्यांच्यासंगं."

"दिवाळीला अजून वेळ आहे."

"आत्ताच जाते."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, समजूत काढली असती. ती शांतपणे सांगत होती, बाजार झाला, आता घरी जाते म्हणावं तसं. नणंदेला दिलेला शब्द आठवला, तोरा आठवला. पण त्याहून जास्त मला त्या पंचेचाळीसने छळलं. चार आणि पाच सात? जी मुलगी शहात्तरला चाराने भाग जातो हे पापणी लवायच्या आत सांगते, ती चार आणि पाच यांची बेरीज चुकते? हे शक्यच नव्हतं. कुठेतरी काहीतरी वेगळंच चाललं होतं आणि ते मला दिसत नव्हतं.

मी फोन लावला नाही. ताटलीत शेंगा घेतल्या, तिच्यासमोर बसले आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले, "मी ओरडणार नाही. पंचेचाळीस तुझ्या डोक्यात कसा येतो, तेवढं मला सांग."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी खरंच ओरडणार नाही ना, याची खात्री करून घेत होती. मग म्हणाली, "दोन इसा आन पाच."

"काय?"

"दोन इसा आन पाच सुट्टी. दोन आन पाच सात."

"आणि अठ्ठ्याऐंशी?"

"चार इसा आन आठ. चार आन आठ बारा."

मी शेंगांची ताटली खाली ठेवली. मग मला हसू आलं आणि ते आवरेना. ती घाबरली, तिला वाटलं मीही वर्गासारखी हसते आहे. मी तिला ओढून कुशीत घेतलं आणि म्हणाले, "अगं बाई, तुझी बेरीज बरोबर आहे. तुझं सगळं बरोबर आहे. फक्त तू वेगळ्या घरात बसून बेरीज करते आहेस."

ज्याने संध्याकाळी मेंढरं मोजताना पाहिली आहेत त्याला हे लगेच कळेल. मी पाहिली होती, कितीदा तरी, आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दिवस कलला की जाळीचं कुंपण उभं करतात, त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या तोंडाशी दाजी उभे राहतात आणि मेंढरं एकेक आत घेतात. वीस झाली की एक खडा खिशात. पुन्हा वीस, पुन्हा खडा. शेवटी खडे किती आणि सुट्टी किती, एवढंच. एका विसाला ते ईस म्हणतात. चार इसा आन आठ म्हणजे अठ्ठ्याऐंशी. ही मुलगी चालायला लागल्यापासून बापाच्या शेजारी उभी राहून हेच मोजत आली होती. शाळेने तिला शंभरपर्यंत अंक शिकवले, ते तिने लिहायला-वाचायला शिकून घेतले. पण संख्या कानावर पडली की डोक्यात तिचे खडे आणि सुट्टी व्हायचे. सरांनी सांगितलं आतल्या दोन्हींची बेरीज करा. तिने तिच्या दोन्हींची केली.

चाराची कसोटी तिला इतकी चटकन कशी येत होती, तेही आता कळलं. विसाला चाराने भाग जातोच. मग खडे सोडून द्यायचे आणि सुट्टी तेवढी बघायची. शहात्तर म्हणजे तीन इसा आन सोळा. सोळा जातात, संपलं. माझ्या वळणावर वगैरे काही गेली नव्हती ती.

आता तिनाचं काय करायचं? मी वीस शेंगा मोजून तिच्यापुढे ठेवल्या. "यातून तीन-तीन काढ."

तिने काढल्या. "दोन उरल्या."

मग मी दहा शेंगांचा ढीग केला. "यातून?"

"एक उरली."

"पुस्तकवाले दहा-दहाचे ढीग करतात. प्रत्येक ढिगातून तीन-तीन काढत गेलं की एकच उरतो. आठ ढीग असतील तर आठ उरतात, ते सुट्ट्या आठात मिळवायचे. म्हणून आठ आणि आठ सोळा. तुझे ढीग विसाचे."

ती शेंगांकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी पडते, ती पडली. "मंग मपल्या एका इसातून दोन उरतेत," ती हळूच म्हणाली. "चार इसातून आठ. आन सुट्टी आठ." मग एकदम वर पाहून, "सोळा! मामी, मपलं बी सोळाच आलं!"

ओट्यावर शिकवणीची पोरं जमायला लागली होती, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. आज सुट्टी म्हटलं. त्यांना काय, ती उड्या मारत गेली.

आम्ही पंचेचाळीस केला: दोन इसा, त्यातून चार उरले, सुट्टी पाच, नऊ झाले, जातो. एक्कावन्न केला. तेहेतीस केला. सगळे बरोबर यायला लागले. मग तिने जे विचारलं ते मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. "सरांनी हे कावून न्हाई सांगितलं? बेरीज करा म्हनले. कावून करायची ते न्हाई सांगितलं."

मी म्हटलं, "मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी मोठेपणी पुस्तकात वाचलं." हे माझं जुनंच दुखणं आहे. आपण पोरांच्या हातावर कसोट्या प्रसादासारख्या ठेवतो. खा आणि गप्प बसा. मग शेजारच्या गावच्या पोराने तोच प्रसाद वेगळ्या हाताने घेतला की आपण त्याच्यावर खेकसतो.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मंग मपली पहिली बेरीज फुकट गेली का?"

मी फुकट म्हणणारच होते, पण थांबले. एका इसातून एकच उरावा असं कशाने भागलं तर होईल? एकोणिसाने! म्हणजे खडे आणि सुट्टी यांची नुसती बेरीज ही एकोणिसाची कसोटी. मी घाईने पंच्याण्णव घेतला: चार इसा आन पंधरा, बेरीज एकोणीस. पंच्याण्णव म्हणजे एकोणीस पंचे. सत्तावन्न: दोन इसा आन सतरा, पुन्हा एकोणीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणिसाची कसोटी आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती आणि ही मुलगी ती वर्गात उभी राहून सांगत होती, फक्त तिनाच्या नावाखाली.

"तुझी बेरीज एकोणिसाची आहे," मी तिला सांगितलं.

"एकोणिसानं कोन भागतंय, मामी?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

फोनचा विषय पुन्हा निघाला नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना भेटले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण ते निमूट ऐकत राहिले, मग खडू घेऊन स्वतःच फळ्यावर मांडू लागले आणि म्हणाले, "ताई, हे मी वर्गात घेतो." त्यांनी खरंच घेतलं. मेंढरांचा आवाज काढणारी पोरं आठवडाभर इसात मोजत फिरत होती. पण त्यामुळे तिचं सगळं सुरळीत झालं असं काही मी म्हणणार नाही. सहामाहीत तिला गणितात बरे गुण पडले, इंग्रजीत फारच कमी. वहीत मांडणी करायला ती अजून कंटाळायची. आणि वर्गात झालेली ती गोष्ट माझ्या मुलाच्या तोंडून त्याच्या आत्याकडे, आणि आत्याकडून दाजींच्या कानावर गेलीच.

मधल्या एका रविवारी ती कळपाकडे राहून आली. आली ती पळतच. चपला काढायच्या आधी म्हणाली, "मामी, इसाला एक कमी हाय."

"कशाला एक कमी?"

"सातानं भागायला. आणखी एक आसलं की एकवीस. सात त्रिक एकवीस." श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "मंग हरेक इसाला सुट्ट्यातलं एक द्यायचं. देऊन जे उरतंय त्याला सातानं जातंय का, तेवढंच बघायचं."

मी ओलाच हात पदराला पुसला आणि कागद घेतला. एक्क्याण्णव: चार इसा आन अकरा. चार दिले, सात उरले. जातो. सत्त्याहत्तर: तीन इसा आन सतरा. तीन दिले, चौदा उरले. जातो. सातासाठी सहावीच्या पुस्तकात कसोटीच नाही, सगळ्यात आडमुठी संख्या म्हणून तिला सोडून देतात. ती हिने वाघरीच्या तोंडाशी उभं राहून पकडली होती. मला रडू येत होतं आणि मला रडताना बघायची सवय कुणाला नसल्याने मी कांदे चिरायला घेतले.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर एका सकाळी कळप आमच्या घरामागच्या रस्त्याला लागला. नणंद मेंढरांपाशी थांबली आणि दाजी घोडं घेऊन दारात आले. घोड्यावर भांडी, कोंबड्यांची डालगी, वाघरीची गुंडाळी. त्यांनी ओट्यावर पडलेली मुलीची वाकळ उचलली, घडी घातली आणि सामानावर दोरीने बांधायला सुरुवात केली.

"दाजी, हे काय?" मी म्हणाले.

"ठरलं होतं, वैनी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पोरीला भर वर्गात मेंढरू केलं. हसू करून घ्यायला ठेवली न्हाई मी तिला. तुमचा काय बी दोस न्हाई. लई केलं तुमी."

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे बोलायला खूप होतं: सर, सहामाही, गुण. पण मी जे काही बोलले असते ते शाळेच्या बाजूने झालं असतं, आणि त्या माणसाचं शाळेशी जुनं भांडण होतं. भाची दारातून बाहेर आली. तिने बापाच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"आबा, एक आकडा सांगा," ती म्हणाली. "कुटला बी. इसात सांगा."

"आता काय खेळ मांडलाय?"

"सांगा तर."

ते गाठ मारता मारता म्हणाले, "चार इसा आन पाच."

"सातानं जात न्हाई. एक उरतंय."

दाजींचे हात थांबले. त्यांनी मान वळवली आणि त्या मुलीला तोच प्रश्न विचारला जो तिने शेंगांच्या त्या संध्याकाळी मला विचारला होता. "कावून?"

"सात-सात मेंढरं तीनदा आत घेतली तर किती?"

"एकवीस."

"आन एका इसात?"

"ईस. मपलीच परीक्षा घ्यायलीस का गं?"

"म्हंजी हरेक इसाला एक कमी पडलं. ते एक सुट्ट्यातून द्यायचं. चार इसाला चार दिले. सुट्टी पाच, त्यातलं उरलं एक."

दाजी घोड्याला टेकून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मागे रस्त्यावरून नणंदेने हाक मारली, त्यांनी नुसता हात वर केला. मग त्यांनी विचारलं, "आन सुट्टी कमी पडली तर? पाच इसा आसले आन सुट्टी दोनच?"

मी मनात म्हटलं, बाप रे. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

"मंग एक ईस मोडायचं," ती म्हणाली. "चार इसा आन बावीस सुट्टी."

दाजींनी मान डोलावली. ती बरोबर म्हणाली म्हणून नाही. ते स्वतःही तेच करतात म्हणून. मग म्हणाले, "थांब. आता तू बोलू नको. मी करतो." आणि डोळे बारीक करून रस्त्याकडे, कळपाकडे बघत त्यांनी सुरुवात केली. "पाच इसा आन एकोणीस. पाचाला पाच दिले. एकोणिसातून पाच गेले..." एक एक बोट मिटत त्यांनी मोजलं. "चौदा. चौदा म्हंजी सात दुणे. जातंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा धाकधूक पाहिली. "जातंय का, वैनी? बरोबर हाय का?"

एकशे एकोणीस. सात सतरा एकशे एकोणीस. "बरोबर आहे, दाजी," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

"शाळंतलं पयल्यांदाच बरोबर आलं मपलं," ते म्हणाले.

मग त्यांनी दोरीची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, दातांनी ओढावी लागली. वाकळ काढून त्यांनी मुलीच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आंगावर घेत जा," ते म्हणाले. "थंडी सुरू व्हईल आता."